महामार्गाचा उतार कोठे द्यावा : प्रकल्प नोंदी, डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५

सोमवार, २ डिसेंबर २०२४

आजपासून अभ्यासगटाचे काम सुरू झाले. गटात आम्ही पाच जण आहोत : बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला मी, तंत्रनिकेतनातील एक प्राध्यापक, त्यांचे दोन विद्यार्थी आणि रेल्वेत फाटकवाले म्हणून आयुष्य काढलेले आबा. गावाला महामार्गावरून दुसरा उतार, म्हणजे महामार्गावरून उतरायची आणि त्यावर चढायची वाट, मिळावा अशी मागणी कित्येक दिवसांपासून आहे. तो नेमका कोठे मागावा याची कारणांसह शिफारस आम्ही करायची आहे.

या नोंदींत गावाचे नाव, गट क्रमांक आणि शेतमालकांची नावे मी मुद्दाम लिहिणार नाही. जागा ठरण्याआधी तिचे नाव फुटले की सातबाऱ्यावर नवी नावे चढू लागतात आणि मग रस्त्याचा विचार मागे पडून जमिनीचाच विचार पुढे येतो, हे नोकरीत मी अनेकदा पाहिले आहे. एवढे सांगतो की गाव धुळे आणि जळगावच्या दरम्यान, जुन्या सहा नंबरच्या म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या पट्ट्यात आहे. महामार्ग पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या दक्षिणेला जुने गाव, बाजारपेठ आणि बाजार समिती आहे. उत्तरेला नव्या कॉलन्या, त्यापुढे रेल्वे आणि रेल्वेपलीकडे तापीकडची गावे आहेत.

चौपदरीकरण झाल्यापासून गावाला एकच अधिकृत उतार राहिला आहे, तो मुख्य फाट्यावर. एसटी, केळीचे ट्रक, कापसाचे ट्रॅक्टर, शाळेच्या रिक्षा आणि नुसते वळायला आलेले मोटारसायकलवाले, सगळे त्या एका चौफुलीत उतरतात. लोकांनी सुचवलेल्या जागा तीन आहेत. फाट्याच्या पश्चिमेला कापसाच्या जिनिंगजवळची, पूर्वेला नाल्याजवळची आणि आणखी पूर्वेला, जिथून रस्ता रेल्वे फाटकाकडे जातो तिथली. तिसऱ्या जागेची मागणी सर्वांत जोरात आहे.

गटाचे पहिले काम म्हणून मी सर्वांना एक गोष्ट कागदावर काढून दाखवली. ‘उतार’ या एका शब्दात चार हालचाली असतात : धुळ्याकडून येऊन उतरणे, जळगावकडून येऊन उतरणे, धुळ्याकडे जाण्यासाठी चढणे आणि जळगावकडे जाण्यासाठी चढणे. मागणी करणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा यांतली एकच असते, ती म्हणजे त्याची स्वतःची. म्हणून प्रत्येक जागेला चारही प्रश्न वेगवेगळे विचारायचे असे आम्ही ठरवले.

गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

सकाळी सातला सर्व्हिस रोडने पायी निघालो आणि जिनिंगपासून फाटकाच्या रस्त्यापर्यंत चार किलोमीटर चाललो. गाडीतून पाहिलेला रस्ता आणि पायाखालचा रस्ता एक नसतो. जिनिंगच्या बाजूला बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकत होते आणि त्यांवरूनच ट्रॅक्टर नेमके कोठे वळतात ते दिसत होते, कारण वळताना ट्रॉली कलते आणि वर रचलेला कापूस फांदीला घासतो.

नाल्याजवळ महामार्ग भरावावर आहे. नाल्याला लागून एक छोटा बोगदा आहे. मूळचा तो गुराढोरांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी असून त्यातून बैलगाडी जाते, मोटार कशीबशी जाते, भरलेली ट्रॉली मात्र जात नाही. त्याच्या वरच्या अंगाला लोखंडी कठड्याची एक पट्टी कोणीतरी वाकवून मोटारसायकलपुरती फट केलेली आहे. फटीच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या आहेत. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून त्या फटीतून सरळ महामार्गावर चढला आणि उलट्या बाजूने शंभर पावले जाऊन दुभाजकाच्या तुटक्या जागेतून पलीकडे गेला. अंधारात फट सापडावी म्हणून चिंध्या बांधल्याचे त्याने परत येताना सांगितले.

लोकांनी आपला उतार स्वतःच निवडला आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. ही फट बुजवणे सोपे आहे. पण ती बुजवली की शेजारी दुसरी होईल, म्हणून ती का झाली हे आधी समजून घ्यावे लागेल.

सोमवार, ९ ते सोमवार, १६ डिसेंबर २०२४

वाहनगणना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीप्रमाणे सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी करायची असते. शुक्रवारचा आठवडे बाजार त्यात आपोआप आला. तंत्रनिकेतनाची मुले तीन पाळ्यांत बसली. रात्रपाळीच्या मुलांना घोंगड्या आणि शेकोटीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या शेजारच्या मळ्यातून मिळाल्या.

मोजलेली वाहने नुसती बेरीज करून चालत नाहीत, ती मोटारीच्या मापात बदलावी लागतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या कोष्टकात मोटार १, मोटारसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८ धरली जाते. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, बैलगाडी ट्रकपेक्षा लहान, मग तिला आठ कसे?” प्रश्न योग्य होता. हा आकडा वाहनाच्या लांबीचा नसून त्याच्यामुळे मागच्यांची जी अडवणूक होते तिचा आहे. बैलगाडी आपल्या चालीने चालते, तिच्या मागे रांग साचते आणि तिला ओलांडायला समोरची बाजू मोकळी मिळावी लागते. फाट्यावर बाजाराच्या दिवशी अर्धा तास उभे राहिलेल्या माणसाला हे कोष्टक समजावून सांगावे लागत नाही.

एक मर्यादा इथेच लिहून ठेवतो. डिसेंबर हा कापसाचा महिना आहे. रावेर-यावलकडची केळी उन्हाळ्यात भरात असते आणि तेव्हा ट्रकांचे प्रमाण बदलते. म्हणून या एका आठवड्यावर सगळी इमारत उभी करणे बरोबर होणार नाही. मे महिन्यात पुन्हा मोजावे लागेल.

शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

किती वाहने येतात हे मोजले, पण ती कोठून येतात आणि कोठे जातात हे अद्याप समजले नव्हते. दोन दिवस फाट्यावर वाहने थांबतील तिथे ‘कोठून आलात, कोठे निघालात’ एवढे दोनच प्रश्न विचारले. लोकांनी आनंदाने उत्तरे दिली, काहींनी वर चार सूचनाही दिल्या.

उत्तरांनी माझी समजूत बदलली. फाट्यावर अडकलेल्यांत महामार्गावरून आलेले किंवा महामार्गावर निघालेले लोक असतील असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्यांतला मोठा भाग उत्तरेच्या कॉलनीतून दक्षिणेच्या बाजारपेठेत किंवा शाळेत निघालेला होता. त्यांना महामार्गाशी काही देणेघेणे नाही, त्यांना तो फक्त ओलांडायचा आहे. गावाच्या मधून भरावाची भिंत गेली आणि ती ओलांडायला सोयीचा असा फाटा एकच उरला. अशा माणसाला नवा उतार देऊन काय उपयोग? त्याला हवा आहे पुरेसा उंच आणि रुंद बोगदा. म्हणजे ‘उतार’ या नावाखाली दोन वेगळ्या मागण्या एकत्र झाल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय जागा ठरवता येणार नाही.

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

फाटकाजवळच्या जागेचा संपूर्ण दिवस. आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण लोकांचा सर्वांत जास्त आग्रह याच जागेचा आहे आणि तो फेटाळायचा झाल्यास कारण पक्के असले पाहिजे.

इथे महामार्गाखालून मोठा बोगदा आधीच आहे. उत्तरेकडची गावे आणि कॉलन्या याच रस्त्याने येतात, दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड आहे, जागाही सपाट आहे. नकाशावर पाहिले तर उतार द्यायला याहून चांगली जागा नाही. पण बोगद्यापासून उत्तरेला २८० मीटरवर रेल्वेचे फाटक आहे.

आबा सकाळपासून फाटकाजवळच्या दगडावर वही घेऊन बसले होते. फाटक पडल्याची आणि उघडल्याची वेळ ते आपल्या जुन्या सवयीने सेकंदापर्यंत लिहीत होते. सुरत मार्गाचे दुहेरीकरण झाल्यावर काय बदलले हे त्यांनीच समजावले. पूर्वी एक गाडी गेली की फाटक उघडत असे. आता एका बाजूची गाडी जाते न जाते तोच दुसऱ्या बाजूची गाडी जवळ आलेली असते, मग फाटक तसेच ठेवावे लागते. गाड्या लवकर पोचतात, पण फाटकावरच्या माणसाची थांबण्याची वेळ वाढते. शेजारी बैलगाडी सोडून उभे असलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “फाटक लागनं का अर्धा तास गया.” आबांच्या वहीत अर्धा तास एकदाही नव्हता. बारा मिनिटे मात्र दोनदा होती आणि उन्हात बैल जुंपून उभ्या राहिलेल्या माणसाला बारा मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात यात त्याचा दोष नाही.

रांग कोठपर्यंत जाते हे पाहण्यासाठी एक विद्यार्थी खिशात चुन्याची पुडी घेऊन फिरत होता. फाटक उघडण्याच्या क्षणी शेवटचे वाहन जिथे असेल तिथे रस्त्याच्या कडेला तो चुन्याची रेघ ओढत असे. संध्याकाळी बाजार सुटल्यावरची रेघ सर्वांत लांब गेली. मी ती स्वतः पावलांनी मोजली. ३४० पावले भरली, माझे पाऊल पाऊण मीटरचे, म्हणजे २५५ मीटर. बोगद्याच्या तोंडापर्यंत २५ मीटर उरले. त्यात एक लांब ट्रेलर आणि एखादी रिक्षा मावेल.

ही आजची रांग, उतार नसतानाची. उतार दिला की जी वाहने आज फाट्यावर उतरतात त्यांतली बरीच इथे उतरतील आणि याच रांगेच्या शेपटाला लागतील. रांग बोगद्यात शिरली की गावाचा उत्तर-दक्षिण रस्ता बंद. तिथून ती सर्व्हिस रोडवर आली की उताराचा रस्ता भरला. आणि उताराचा रस्ता भरला की शेवटचे वाहन महामार्गावर, शंभराच्या वेगाने येणाऱ्यांच्या वाटेत उभे. फाटक पडले म्हणून महामार्गावर अपघात झाला, असे त्या रात्री कोणाला सांगितले तर पटणारही नाही, पण कारण तेच असेल.

इथे आधी रेल्वेवर उड्डाणपूल झाला पाहिजे. दिवसातल्या रेल्वेगाड्यांची संख्या आणि वाहनांची एकके यांचा गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे खर्चाच्या वाटणीने पुलाचा विचार करते. तो गुणाकार आम्ही स्वतंत्र टिपणात करून देणार आहोत. पूल झाला तर ही जागा पुन्हा विचारात घ्यावी, तोवर नाही.

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

जिनिंगजवळची जागा. इथे जमीन मिळण्यात अडचण कमी आहे आणि कापसाच्या वाहनांना सोय होईल हेही खरे आहे. अडचण आहे वळणाची. धुळ्याकडून येताना महामार्ग इथे उजवीकडे वळतो, तर उतार डावीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला निघेल. रात्री अनोळखी चालकाला बाहेरच्या अंगाला सरळ निघणारा रस्ताच मुख्य रस्ता वाटतो. तो त्याच वेगात उतारावर येतो आणि पुढे सर्व्हिस रोडची दुकाने असतात.

याच दिशेला पुढचे दिसायला अडथळा कशाचा, ते मोजून पाहिले. ताशी १०० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी १८० मीटर अंतर दिसले पाहिजे, असे प्रमाण आहे. एवढे अंतर का लागते हे मुलांना गणिताने दाखवले. त्या वेगाला वाहन सेकंदाला सुमारे २७.८ मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, तेवढ्यातच ६९ मीटर संपतात. उरलेल्या अंतरात गाडी थांबायची. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच आणि समोरची वस्तू १५ सेंटिमीटर उंच धरून ही दृष्टी तपासतात. रस्त्याच्या बाहेरच्या कडेला एक मुलगा १.२ मीटरच्या काठीच्या टोकाला डोळा लावून बसला, दुसरा लाल रंगवलेली वीट घेऊन मागे सरकत गेला. वीट दिसेनाशी झाली तिथे फीत धरली. १८० च्या बऱ्याच अलीकडे, दुभाजकातल्या वाढलेल्या कण्हेरीने ती झाकली. कण्हेर छाटता येईल, पण दरवर्षी, दर पावसाळ्यानंतर, न चुकता. सुरक्षितता छाटणीवर सोपवण्याची माझी तयारी नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

नाल्याजवळची जागा. दृष्टीचा प्रश्न नाही, महामार्ग दोन्ही बाजूंना सरळ आहे. फाटा इथून पश्चिमेला १.४ किलोमीटर आणि फाटकाचा रस्ता पूर्वेला १.२ किलोमीटर, त्यामुळे एका उतारावरून चढणारी आणि दुसऱ्यासाठी कडेला येणारी वाहने एकमेकांना आडवी जाणार नाहीत. दक्षिणेला एक जुना शिवरस्ता आहे. गाव नकाशावर तो चांगला रुंद आहे, जागेवर मात्र दोन्ही बाजूंनी बांध सरकत येऊन एका गाडीपुरता उरला आहे. तो शाळा आणि पेठ टाळून थेट बाजार समितीच्या मागच्या दारात निघतो. मला ही जागा खऱ्या अर्थाने इथे पटली.

अडचण पाण्याची आणि काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर थेट टाकलेला रस्ता तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. माती काढून मुरूम भरावा लागेल आणि पाणी खालून निघून जाईल अशी सोय करावी लागेल, तो खर्च अंदाजपत्रकात आधीच दिसला पाहिजे. पाणी किती चढते हे विचारायला नाल्याकाठच्या मळ्यातल्या ताईंकडे गेलो. त्यांनी तोंडी काही न सांगता आम्हाला बोगद्याशेजारच्या बाभळीकडे नेले. माझ्या छातीच्या उंचीला फांद्यांत तुरीची जुनी खोडे, खताच्या गोणीचा तुकडा आणि एक चप्पल अडकलेली होती. ते पाहून बोगदा खोल करून उंची मिळवण्याचा विचार आम्ही तिथेच सोडून दिला. उंची हवी असेल तर ती वर, महामार्गाचा भराव उचलूनच मिळवावी लागेल.

रविवार, २६ जानेवारी २०२५

ग्रामसभेत तिन्ही जागांचे नकाशे भिंतीवर लावले. शेजारच्या दोन गावांचे लोकही आले होते.

फाट्यावरच्या दुकानदारांना गिऱ्हाईक कमी होण्याची भीती आहे. ती खोटी नाही. बस मात्र फाट्यावरच थांबणार, हे त्यांना सांगितले. फाटकाच्या जागेचा आग्रह धरणाऱ्या बापूंना आबांची वही आणि चुन्याच्या रेघा दाखवल्या. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मग आमचं काय, आम्ही फाटकापलीकडचे?” याला माझ्याजवळ आज उत्तर नाही. पुलाच्या टिपणाचे काम मागे पडणार नाही एवढाच शब्द दिला.

सरपंच ताईंनी विचारलेला प्रश्न माझ्या दृष्टीने सभेतला सर्वांत महत्त्वाचा होता. त्या म्हणाल्या, “सर, उतार दिला म्हणजे ट्रक आमच्या दारातून जाणार का?” शिवरस्त्याच्या कडेला नऊ घरे आहेत. उतार महामार्गावर सुरू होतो, पण संपतो लोकांच्या दारात, आणि महामार्गाच्या नकाशात ती दारे नसतात. अवजड वाहनांसाठी शिवरस्त्याची आखणी त्या घरांच्या मागून करावी, असे तिथेच नोंदवून घेतले.

जमिनीबद्दल मी स्पष्ट बोललो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली आधी कलम ३अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघते, ती निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते, मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तत्त्वांनी ठरतो. ज्यांच्या विहिरी किंवा पाइपलाइन आखणीत येतात त्यांनी त्या आत्ताच सातबाऱ्यावर नोंदवून घ्याव्यात, कारण जे कागदावर नाही त्याचा मोबदला मिळवताना माणूस झिजतो. एका शेतकऱ्याची विहीर उताराच्या मधोमध येत होती. नकाशावर रेघ थोडी पूर्वेला सरकवली तर ती वाचते आणि रस्त्याचे काही बिघडत नाही. तसे केले.

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

गणनेतील चूक. फाट्याच्या दोन्ही बाजूंना आमची मोजणी-ठाणी होती. कॉलनीतून धुळ्याकडे जाणारी रिक्षा फाट्यावर येते, बोगद्याखाली वळसा घेते आणि दुसऱ्या सर्व्हिस रोडने परत जाते. तिला दोन्ही ठाण्यांवर वेगळी रिक्षा म्हणून धरले गेले. रात्रपाळीच्या एका मुलाला तोच वाहन क्रमांक दोन वह्यांत काही मिनिटांच्या फरकाने दिसला आणि त्याने न घाबरता ते सांगितले. सगळ्या वह्या पुन्हा तपासून बेरजा सुधारल्या.

ही चूक सापडल्याने एक नवी गोष्ट समजली. नुसते वळसा घ्यायला येणारे वाहन फाट्यावर दोनदा जागा घेते. नाल्याजवळचा बोगदा मोठा झाला तर ते तिथेच वळेल आणि फाट्यावर एकदाही येणार नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

शिफारस ठरली. नाल्याजवळ पूर्ण उतार न मागता अर्धा मागायचा : जळगावकडून येणाऱ्यांना उतरण्यासाठी दक्षिणेचा आणि जळगावकडे जाणाऱ्यांना चढण्यासाठी उत्तरेचा. आपल्याकडे डावीकडून चालायचे असल्याने जळगावकडून येणारा दक्षिण बाजूने येतो, म्हणजे तो महामार्ग न ओलांडता थेट शिवरस्त्यावर आणि बाजार समितीत जाईल. माल भरून जळगाव-भुसावळकडे निघालेला ट्रक बोगद्याखालून उत्तरेला येऊन चढेल. धुळ्याकडच्या दोन्ही हालचाली फाट्यावरच राहतील. फाट्यावरचे ओझे हलके झाल्यावर तो त्या पेलू शकेल, असे सुधारलेली गणना सांगते.

बोगदा नव्याने बांधावा, मोठ्या वाहनांसाठी लागणारी ५.५ मीटर उंची त्याला मिळावी आणि नाल्याची मोरी त्याच्यापासून वेगळी असावी. आज पाणी आणि माणसे एकाच वाटेने जातात, तसे पुढे नको.

कामांचा क्रम आम्ही अटीच्या रूपात लिहिला आहे. पहिल्यांदा शिवरस्ता मोजणी करून मोकळा करणे आणि रुंद करणे, मग बोगदा, आणि उताराचे तोंड सर्वांत शेवटी उघडणे. आधी उतार उघडला आणि शिवरस्ता मागे राहिला तर ट्रक पहिल्याच दिवशी त्या नऊ घरांच्या अंगणात उभे राहतील. क्रम बदलायचा असेल तर शिफारस मागे घेतली आहे असे समजावे, हे वाक्य प्रस्तावात ठेवण्याचा मी आग्रह धरला आणि गटाने तो मान्य केला.

प्राध्यापकांचा मतभेद इथे नोंदवतो. धुळ्याकडची चढ-उतरही आत्ताच मागून घ्यावी, पुन्हा मागायला दहा वर्षे लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. पण ती मागितली तर पश्चिमेकडच्या सहा शेतकऱ्यांची बागायत जाते आणि आजच्या गणनेत त्यासाठी पुरेसे कारण नाही. जागा राखून ठेवण्यासाठी तेवढ्या पट्ट्यात नवे बांधकाम होऊ नये, एवढी सूचना प्रस्तावात घातली आहे.

लाल चिंध्यांच्या फटीबद्दल वेगळे पत्र दिले. बोगदा होईपर्यंत तिथे पायी जाणाऱ्यांसाठी पायऱ्या आणि कठड्याला पलटी मारणारे दार करावे, दुभाजकाची तुटकी जागा मात्र ताबडतोब बंद करावी.

शुक्रवार, ७ मार्च २०२५

प्रस्ताव, नकाशे, सुधारलेली गणना आणि फाटकाचे स्वतंत्र टिपण आज जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन दाखल केले. पोच घेतली. एक प्रत ग्रामपंचायतीत सर्वांना पाहता येईल अशी ठेवली आहे. बापूंनी फाटकाच्या टिपणाची प्रत स्वतःसाठी मागून घेतली.

परत येताना नाल्यावर थांबलो. बोगद्याच्या भिंतीवर मुलांनी तळापासून तीन मीटरपर्यंत पांढरी पट्टी रंगवून दर दहा सेंटिमीटरला काळी रेघ मारली आहे. मळ्यातल्या ताईंचा मुलगा नववीत आहे. पावसाळ्यात पाणी चढेल तेव्हा रेघ पाहून तारीख आणि वेळ वहीत लिहिण्याचे काम त्याने घेतले आहे. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याकडे दिली. केळीच्या हंगामातील दुसरी गणना ५ मे रोजी सुरू होईल.